सगळ्यांना वाचता येईल असा प्रोग्राम

देवळाली प्रवरातल्या दूध संस्थेचा प्रोग्राम राजेश्वरीने नव्याने लिहायला घेतला, तेव्हा सासूबाईंनी एवढंच विचारलं की जुना चालतोय तर त्याला हात कशाला लावायचा. चालत होता हे खरं. पण आत इतका गुंता होता की कोणती ओळ काय करते, हे लिहिणाऱ्यालाही सांगता आलं नसतं. राजेश्वरी हट्टाला पेटली. तिने फंक्शनल भाषा निवडली. एका फंक्शनने, म्हणजे प्रोग्रामच्या एका तुकड्याने, एकच काम करायचं आणि उत्तर पुढच्याच्या हातात द्यायचं. नावंसुद्धा मराठी: 'दूध घे', 'तपास', 'पावती दे'. कुठल्याही सभासदाला वाचता आलं पाहिजे, हा तिचा पण होता.

अडला फक्त एक आकडा. जुन्या प्रोग्राममध्ये एके ठिकाणी म्हटलं होतं की ४१ नंबरच्या सभासदाचं दूध आलं तर तपासू नये. हे ४१ कोण, असं तिने सचिव कल्याणला जेव्हा जेव्हा विचारलं, तेव्हा तेव्हा त्याला बाहेरून कुणीतरी हाक मारली. सभासदांच्या नोंदी त्याच्याच कपाटात बंद, म्हणून शेवटी तिने ओळ होती तशी उतरवून घेतली, पण बिननावाचा आकडा तिला टोचत राहिला.

रविवारी सभा भरली. सभासदांनी मंजुरी दिली तरच नवा प्रोग्राम चालू होणार होता, नाहीतर सगळी मेहनत वाया. राजेश्वरीने भिंतीवरच्या टीव्हीवर एकेक ओळ वाचून दाखवली. लोक माना डोलवत होते. पुढच्याच खुर्चीत सासूबाई, म्हणजे भागिरथीबाई, सुनेकडे कौतुकाने बघत बसल्या होत्या. ४१ आला तशी राजेश्वरी म्हणाली, "असा उघडा आकडा ठेवायचा नसतो, त्याला नाव द्यायचं." कल्याण खोकला. तोवर तिने सभेसाठी बाहेर काढलेल्या सभासदांच्या नोंदीतून नाव आणून आकड्याच्या जागी बसवलंही होतं.

'भागिरथीबाईंचं दूध आलं तर तपासू नये.'

सगळी सभा ती ओळ वाचून मोकळी झाली. राजेश्वरीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मी कवा सांगितलं हुतं, माजं दूध तपासू नका म्हनून?" भागिरथीबाईंनी विचारलं.

"तुमी न्हाई मावशी," कल्याण म्हणाला. "पर फॅट कमी लागून भाव पडला की तुमी मशीनसंगं भांडायच्या. मागं लाईन खोळंबायची. मंग आदीच्या इंजिनियरला सांगून तेवढं टाकून घेतलं."

लोक तोंडाला रुमाल लावून हसू लागले. राजेश्वरीने घाईघाईने सांगितलं की ती अख्खी ओळच काढून टाकते.

"वळ कशापाई काढती? चार लोकांत माजं नाव नगं. नाव तेवढं काढ."

"आई, नुसतं नाव काढलं तर..."

"काढ म्हनते ना."

मंजुरी अजून मिळायची होती आणि सभा संपल्यावर घरीही जायचं होतं. राजेश्वरीने नाव खोडलं.

'दूध आलं तर तपासू नये.'

सभेने ओळ वाचली. पुन्हा एकदा सावकाश वाचली. मग मागून एक हात वर झाला, त्याच्या शेजारून दुसरा, आणि संस्थेच्या इतिहासात पहिल्यांदाच एखादा ठराव एकमताने मंजूर झाला.