वडिलांच्या निष्क्रियतेबद्दल

माझे वडील, वेन कांगास, चौदा मार्चला डुलूथमध्ये वारले. दवाखान्याच्या दप्तरी त्याची नोंद त्याच दिवशी, तास-मिनिटांसह झाली. तरीही पंधरा मार्चला सकाळी नऊ वाजता दवाखान्यातून घरी फोन आला, की वेन, काल तुम्ही तपासणीला आला नाहीत.

फोन यंत्राचा होता. यायला जमणार असेल तर एक दाबा, दुसरी वेळ हवी असेल तर दोन दाबा. आईनं यंत्राला शेवटपर्यंत बोलू दिलं, दोन दाबलं आणि त्याचे आभार मानले.

"दोन का दाबलंस?" मी विचारलं.

"एक दाबणं खोटं झालं असतं. आणि तिसरं काही दाबायलाच नाही गं."

"मग मध्येच ठेवून द्यायचा फोन."

"कुणी बोलत असताना? बरं दिसतं का ते?"

दोन दाबलं की पुढची वेळ मिळते. वडील त्याही वेळी जात नाहीत. मग पुन्हा फोन येतो. तीन आठवड्यांत वडिलांच्या अकरा भेटी चुकल्या. आई साडेआठपासूनच फोनजवळ खुर्ची ओढून बसू लागली. समोरची कॉफी तशीच गार होई.

हे फोन करणारं यंत्र आमच्याच कंपनीचं. मी तिथे नऊ वर्षं प्रोग्राम लिहिते आहे. दुरुस्ती एका ओळीची होती: रुग्ण मृत असेल तर फोन करू नये. इतकी वर्षं ती ओळ कुणी लिहिली नव्हती, कारण संबंधित रुग्णांकडून तक्रार आली नव्हती. मी ती दहा मिनिटांत लिहिली, तपासली, आणि कमिट केली.

लिहिलेला बदल कंपनीच्या सामायिक कोठारात जमा करणं म्हणजे कमिट. कोठाराच्या दारात एक तपासणारा प्रोग्राम बसवलेला असतो. आम्ही त्याला चौकीदार म्हणतो. चौकीदारानं कमिट परत केली. कारण: 'नकारात्मक शब्द आढळला: मृत.'

शेजारच्या टेबलावरचा पाओ व्हांग मान वर न करता म्हणाला, "आदरयुक्त भाषा समिती. मागच्या महिन्यात मी संगणकात अडकलेली एक प्रोसेस मारली, म्हणजे बंद केली, तर मला अर्धा दिवस संवेदनशीलतेच्या वर्गात बसवलं. आता मी प्रोसेसला निरोप देतो."

"पण दवाखान्याच्या नोंदीत त्या रकान्याचं नावच 'मृत' आहे. तो शब्द न लिहिता मी रकाना वाचू कशी?"

"ते तू चौकीदाराला विचार. माझ्याशी तो बोलत नाही."

विशेष परवानगीचा अर्ज असतो. त्यात कारण लिहायचं असतं. मी लिहिलं, 'वडील वारले.' अर्जाच्या दारातही तोच चौकीदार होता. त्यानं नम्रपणे सुचवलं: 'आपल्याला "वडील प्रवासाला गेले" असं म्हणायचं आहे का?' मी नाही म्हटलं. 'नाही' हा शब्दही नकारात्मक शब्दांच्या यादीत होता.

समितीच्या प्रमुख मेरिबेथ टोल्सन यांना मी समक्ष जाऊन भेटले. त्यांनी माझा हात बराच वेळ हातात धरला.

"तुझ्या वडिलांच्या निष्क्रियतेबद्दल कळलं गं. फार वाईट वाटलं."

"ते वारलेत."

"आम्ही 'निष्क्रिय' म्हणतो. त्यात आशा राहते."

"कुणाला?"

"वाचणाऱ्याला," मेरिबेथ म्हणाल्या, आणि दारापर्यंत सोडायला आल्या.

एप्रिलअखेर माझ्या फसलेल्या कमिट एकेचाळीस झाल्या. एवढं झाल्यावर मात्र कंपनीनं प्रकरण गांभीर्यानं घेतलं. आमचे विभागप्रमुख ब्रेंट हॉलवर्सन यांनी 'फसलेल्या कमिट: कारणं आणि उपाय' अशी बैठक बोलावली. पडद्यावर आलेख होता. सगळ्या विभागांच्या रेषा हिरव्या आणि सपाट. आमची लाल, सरळ वर गेलेली.

"हे बघ कॅरिन, तुला दोष देत नाहीये कुणी," ब्रेंट म्हणाले. "पण ही रेषा खाली आणायची कशी, तेवढं बोलू या."

"ती ओळ आत घेतली तर रेषा आपोआप खाली येईल."

"कुठली ओळ?"

एकेचाळीस वेळा परत आलेली ओळ आजवर कुणीच वाचली नव्हती, हे तेव्हा मला समजलं. मी ती वाचून दाखवली. दोघांनी खाली पाहिलं. एकानं केकचा तुकडा अर्धा करून उरलेला अर्धा जागेवर ठेवला.

"फार जड आहे," ब्रेंट म्हणाले.

बैठकीचा निर्णय एकमतानं झाला. कमिट फसतात, कारण माणसं चुकीचे शब्द लिहितात. तेव्हा यापुढे चौकीदारानं कमिट परत करू नये. शब्द स्वतःच सुधारून घ्यावेत. दुसऱ्या दिवशी माझी बेचाळिसावी कमिट पहिल्याच फटक्यात आत गेली. पडद्यावर हिरवी खूण आली. पाओनं टाळी वाजवली, मग ओळ वाचली, आणि टाळी थांबवली.

चौकीदारानं 'मृत'चं 'निष्क्रिय' केलं होतं. 'करू नये' हाही नकारच, म्हणून तोही सकारात्मक केला होता. ओळ आता अशी होती: रुग्ण निष्क्रिय असेल तर आवर्जून फोन करावा.

मी ती तत्काळ मागे घ्यायला गेले. मागे घेणं ही कृती यादीत होती.

आता घरी नऊला, एकला आणि पाचला फोन येतो. मी ब्रेंटना सांगितलं. त्यांनी नवा आलेख दाखवला. निष्क्रिय गटाकडून मिळणारा प्रतिसाद राज्यात सर्वाधिक होता. कारण त्या घरांत बहुधा एकच माणूस उरलेलं असतं आणि ते फोन उचलतं. दवाखाने खूश होते. सेवेला पाचपैकी किती गुण द्याल, असा सर्वेक्षणाचा फोनही फिरवला होता. उत्तरांच्या यादीत आमच्या घरचा नंबर मला दिसला, पुढे पाच.

"आई, तू पाच दिलेस?"

"मग काय कमी देऊ? मुलगी आहे माझी तिथे."

"तुला ते फोन नको होते ना?"

"नको आहेतच गं. पण फोनवरचा तो इतक्या अदबीनं विचारत होता."

पुढच्या महिन्यात ही सुधारणा देशभरातल्या दवाखान्यांत जाते आहे. मृत्यूनंतर एखाद्याला फोन करायला त्याची संमती लागते की नाही, असा प्रश्न मी लेखी विचारला. लागते, आणि ती घेतलेली आहे, असं लेखी उत्तर आलं. सोबत अर्जांची चळत होती. गेल्या खेपेला दवाखान्याच्या खिडकीशी तुम्ही घाईत भरलेला कागदही त्यात आहे. सही तुमचीच, न वाचता केलेली. त्याखाली जवळच्या नातेवाइकाचा रकाना आहे. त्यात कुणाचं नाव घातलंत, ते एकदा आठवून पाहा. फोन तेच माणूस उचलणार आहे.