मास्तरांचे ठोके

"मास्तर, घाबरू नका. मोठा श्वास घ्या," दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि खुर्चीत आडव्या पडलेल्या मास्तरांचा अपमान तिथूनच सुरू झाला.

कारण हे वाक्य खुद्द मास्तरांचं. लोकांना गाडी शिकवण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं, आणि चढावर गाडी मागे घसरायला लागली की शिकणाऱ्याला ते नेमकं हेच सांगत. याच डॉक्टरीणबाईंनाही सांगितलं होतं. तेव्हा त्या स्टिअरिंगवर डोकं टेकून रडत होत्या. समोरून ट्रक अंगावर आला तरी मास्तरांच्या कपाळाला आठी पडत नाही, अशी ख्याती. ती आता एका किडक्या दाढेपायी धुळीला मिळायची वेळ आली होती.

"मी कुठे घाबरलोय?" मास्तर म्हणाले.

"मशीन सांगतंय ना. ठोके एकशे अठ्ठावीस."

मास्तरांना ब्लडप्रेशरची गोळी चालू होती. म्हणून भूल देण्याआधी नर्सने दंडाला पट्टा बांधला होता आणि बोटाला ठोके मोजणारा चिमटा लावला होता. दिव्याचा त्रास नको म्हणून डोळ्यांवर कापड, अंगावर गळ्यापासून हिरवी चादर. चादरीखाली बायकोने त्यांचा हात घट्ट धरून ठेवला होता. प्रेमाबिमाने नव्हे हं. "दुसऱ्याच्या हातातलं स्टिअरिंग ओढायची सवय आहे यांना. मध्येच तुमचा हात धरतील," असं तिने आधीच बजावलं होतं. पाय मात्र मोकळे होते, आणि डॉक्टरीणबाई जवळ आल्या की मास्तरांचा उजवा पाय आपोआप दाबला जात होता.

"मास्तर, इथे ब्रेक नाही हो."

डॉक्टरीणबाईंनी भुलीची सुई उचलली. मशीनची टिकटिक लगेच धावायला लागली.

"बघा, सुई नुसती उचलली तर एकशे चाळीस!"

"मला दिसली तरी का ती? डोळ्यांवर कापड आहे माझ्या."

"कबूल करून टाका ना," बायको म्हणाली. "चार रात्री गाल धरून येरझाऱ्या घालताय. एका दाढेचं केवढं ते नाटक."

मास्तरांना ती दाढ आजच्या आज तोंडाबाहेर हवी होती. पण ठोके उतरल्याशिवाय सुई टोचणार नाही, म्हणून डॉक्टरीणबाई अडून बसल्या. तेवढ्यात दंडावरचा पट्टा फुगला आणि फुसफुसत सुटला. प्रेशर अगदी झकास निघालं.

"प्रेशर जागच्या जागी आणि ठोके सुसाट," डॉक्टरीणबाई पुटपुटल्या. "हे काहीतरी वेगळंच दिसतंय."

'वेगळंच' हा शब्द कानावर पडताच मशीन आणखी जोरात ठणाणा करायला लागलं. आता मास्तर इरेला पेटले. आपण कोण आहोत हे या मशीनला दाखवूनच द्यायचं, असं ठरवून त्यांनी ओठ मिटले, अंग सैल सोडलं आणि मनातल्या मनात एका अरुंद गल्लीत गाडी मागे घ्यायला सुरुवात केली. इतकं शांत त्यांना कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

"अहो," बायको म्हणाली. मास्तर गप्प. "अहो, बोलत का नाही? बाई, हे बोलत नाहीयेत."

ठोके एकशे साठ. डॉक्टरीणबाईंनी सुई खाली ठेवली. "काकू, मुलाला फोन करा. यांना आधी हृदयाच्या डॉक्टरांना दाखवू. दाढेचं मग बघता येईल."

बायको ताडकन उठून दाराकडे धावली. तिच्या मागोमाग चादर निघाली, चादरीतून एक वायर निघाली आणि वायरीच्या टोकाला मशीन टेबलावरून घरंगळायला लागलं. नर्सने ते वरच्यावर झेललं. चिमटा बायकोच्या बोटाला होता.



"चादरीखाली नीट दिसलं नाही," नर्स चाचरत म्हणाली. "बोट चांगलं दणकट लागलं. मला वाटलं मास्तरांचंच."

"मशीन भंगार आहे तुमचं," बायको म्हणाली. तिचा चेहरा लालबुंद झाला होता.

चादर पुन्हा अंगावर आली आणि चिमटा योग्य बोटाला लागला. ठोके बहात्तर. मास्तरांची छाती चादरीखाली दोन इंच फुगली. डॉक्टरीणबाईंनी माफी मागून सुई टोचली, गाल बधिर झाला, तरी बहात्तर. आता बोलता आलं असतं तर मास्तरांनी बायकोला आयुष्यभर पुरेल एवढं ऐकवलं असतं.

ती हळूच शेजारी येऊन बसली.

"तुम्हाला खरंच काही झालं असतं तर?" ती अगदी हलक्या आवाजात म्हणाली, आणि चादरीखाली तिने पुन्हा त्यांचा हात हातात घेतला. या वेळी घट्ट आवळून नाही, नुसताच धरला.

टिकटिक बदलली. पंच्याऐंशी. शहाण्णव. एकशे दहा.

"मास्तर, आता काय झालं?" डॉक्टरीणबाईंनी पकड खाली ठेवली. बधिर तोंडाने मास्तर काय सांगणार? बाईंनी चिमटा तपासायला चादरीचं टोक उचललं, आत बघितलं आणि पुन्हा नीट पांघरून ठेवलं.

"काकू, तुम्ही बाहेर बसा बरं," त्या म्हणाल्या. "नाहीतर ही दाढ काही आज निघत नाही."