कोंडाजी लेकरू लावून देतो

गाय व्याली आणि वासराला जवळ घेईना, की मळवलीपासून पार कार्ल्यापर्यंतची माणसं कोंडाजीला बोलवायला येत. कोंडाजी गोठ्यात शिरे, वासराच्या पाठीवर चिमूटभर मीठ आणि दोन मुठी कोंडा चोळी, गाईच्या मानेखाली खाजवत तिच्याशी काहीबाही बोलत राही, आणि थोड्या वेळाने गाय जीभ बाहेर काढी. एकदा चाटलं की झालं, वासरू तिचं. आई मेलेली वासरंसुद्धा त्याने अशीच परक्या गाईंना लावून दिली होती.

"मावळात आशी गाय अजून जल्माला यायचीय, जिला म्या वासरू लावून दिलं न्हाई," असं तो चारचौघांत सांगायचा. त्याची बायको लीलाबाई हे ऐकलं की चुलीत फुंकर घालायला बसायची. उत्तर द्यायला नको.

तेव्हा मळवलीला स्टेशनापलीकडे बंगले मोजून सात होते. मधे भाताची खाचरं, आणि गाडी गेली की पुढची येईपर्यंत सगळीकडे नुसती शांतता. त्यातला एक बंगला मुंबईच्या शेटचा. कोंडाजी आणि लीलाबाई तो सांभाळत आणि मागच्या गोठ्यातली शेटची कपिला गायही सांभाळत. दुष्काळाच्या पुढच्या वर्षी, दिवाळी होऊन भातकापणी सुरू झाली तेव्हा शेटचं पत्र आलं की परदेशचे पाहुणे येत आहेत, नीट बघा.

पाहुणे शनिवारी आले. साहेब उंच, मडम त्याच्याहून बोटभर उंच, आणि दोघांच्या मधे संस्थेच्या बाईंच्या कडेवर पावणेदोन वर्षांची एक काळीसावळी पोर. पुण्याच्या एका संस्थेतून त्यांनी ती दत्तक घेतली होती. कोर्टाचे कागद हाती येईपर्यंत आठ-दहा दिवस शांत जागी राहायचं आणि पोरीला सवय होऊ द्यायची, असं ठरलं होतं. कागदावर पोरीचं नाव लांबलचक होतं. लीलाबाईने तिला बघितलं आणि चिंगी म्हणून हाक मारली. तेच राहिलं.

संस्थेच्या बाई निघताना म्हणाल्या, "मी गुरुवारी येते. तोपर्यंत पोर यांच्याजवळ रमली तर ठीक. नाही रमली तर मला तिला परत न्यावं लागेल. रडतं लेकरू एवढ्या लांब धाडणं माझ्याच्यानं होणार नाही."

हे त्यांनी एकदा मराठीत सांगितलं आणि एकदा इंग्रजीत. इंग्रजीत सांगितलं तेव्हा मडमने साहेबाचा हात धरला.

रमायचं तर दूरच राहिलं. मडम जवळ आली की चिंगी जेवणाच्या टेबलाखाली जायची. मडमने पेटीभर खेळणी आणली होती. त्यातलं चावी दिली की टाळ्या वाजवणारं माकड बाहेर निघालं तेव्हा चिंगीने असा भोंगा पसरला की गोठ्यात कपिला उभी राहिली. टेबलाखालून ती फक्त लीलाबाईचा पदर दिसला की हात काढायची, टोक मुठीत धरायची आणि अंगठा चोखत बसायची. संस्थेतल्या आया लुगडी नेसत. पोरीला आई ठाऊक नव्हती, पदर ठाऊक होता.

रविवारी संध्याकाळी कोंडाजी विहिरीवर गेला तर मडम कठड्यापाशी बसलेली. मांडीवर एक इवलासा झगा. त्याची घडी घालायची, मोडायची, परत घालायची. कोंडाजी पाणी न काढताच माघारी आला.

"हे आपल्यालाच बगाया लागंल," तो लीलाबाईला म्हणाला.

"तुमी नका मधी पडू. लेकरू हाय ते, वासरू न्हाई."

"आगं, मला ठावं हाय परक्याचं लेकरू कसं आपलं व्हतं ते. मी सोता इकत घेतल्यालं पोर."

ते खरं होतं. त्याच्या आईची चार मुलं जगली नाहीत. पाचवा हा झाला तेव्हा त्याला सुपात घालून शेजारच्या बयाबाईला विकला. किंमत शेरभर कोंडा. दुसऱ्याचं म्हटलं की यमाचं लक्ष जात नाही, अशी त्यामागची हुशारी. म्हणून नाव कोंडाजी. बयाबाईने पुढे जन्मभर त्याच्यावर हक्क सांगितला आणि त्याने तिलाही आईच म्हटलं.

सोमवारी सकाळी त्याने साहेबाला ओसरीवर गाठलं आणि उपाय समजावून सांगितला. भाषेची अडचण होती, म्हणून त्याने बोटांची शिंगं केली, पोट फुगवून गाय व्याल्याचं दाखवलं, मग वाकला आणि हवेत जीभ फिरवली. साहेब सगळं वहीत लिहून घेत होता. लिहून झाल्यावर त्याने ते मडमला हलक्या आवाजात सांगितलं. मडमने टेबलाखाली बसलेल्या चिंगीकडे बघितलं आणि हळूच मान हलवली. लेकरासाठी ती तेही करायला तयार होती.

"आवं, काय सांगताय त्यांना?" लीलाबाई धावत आली. "बाईला लेकरू चाटाया लावताय व्हय?"

"चाटणं न्हाई गं, वास. जनावर काय, लेकरू काय, वळख वासानं पटतीया. मडमला साबणाचा वास येतोय. तुला चुलीचा येतोय, दुधाचा येतोय. तुजं लुगडं दे तिला नेसाया."

लीलाबाईकडे लुगडी दोन. एक अंगावर होतं. दुसरं, हिरवं, लाल काठाचं, तिने त्याच सकाळी इंद्रायणीवर नेऊन, दगडावर आपटून, उन्हात वाळत घातलं होतं. कोंडाजीने ते नाकाला लावलं. कसला म्हणून वास नाही.

यात हरण्यासारखं काही नव्हतं. मंगळवारी पहाटेच त्याने लुगडं स्वतःच्या खांद्यावर घेतलं, डोक्यावरून पदर ओढला आणि कामाला लागला. शेण काढलं, धार काढली, चूल फुंकली, कपिलाला खरारा केला. लुगड्याला वास चढत होता. गावातल्या निवृत्तीने स्टेशनवरून येताना ओसरीवर हा अवतार बघितला आणि राम राम न करताच तो पुढे गेला.

चिंगीने मात्र टेबलाखालून गोठ्याकडे जाणारा लाल काठ बघितला. ती बाहेर आली. पायऱ्या बसत बसत उतरली, अंगण ओलांडलं, गोठ्यात शिरली आणि तिने पदराचं टोक मुठीत धरलं. कोंडाजी खाली वाकला. पोरीने दोन्ही हात वर केले.

"बगितलं का? लागू पडलं," तो ओरडला आणि तिला कडेवर घेतलं.

मग तो दिवसभर तिला घेऊन हिंडला. तिला कपिलाचं कान हलवणं दाखवलं. दूधभात भरवला. दुपारी ती त्याच्या खांद्यावर झोपली, तर हा घटकाभर तसाच उभा राहिला. कानावर डास बसला, तोही त्याने बसू दिला. त्या दोघा नवराबायकोला मूल नव्हतं, आणि खांद्यावर झोपलेल्या लेकराचं वजन किती असतं हे कोंडाजीला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

दिवेलागणीला लीलाबाईने मडमला लुगडं नेसवलं. कासोटा घट्ट खोचला. नऊवारी मडमच्या नडगीपर्यंतच पोचलं, पण पदर मोठा झाला. साहेबाने फोटो काढला. मडम पाय मोजत टाकत आली आणि चिंगीसमोर बसली. चिंगीने तिला खालून वरपर्यंत न्याहाळलं. मग तिने मागे बंडी-धोतरात उभ्या कोंडाजीकडे बघितलं, हात पसरले आणि चार दिवसांत पहिला शब्द उच्चारला.

"आई."

कोंडाजीची मिशी तेव्हा दोन्हीकडून कानाकडे निघालेली असायची. ती जागच्या जागी लोंबली.

मडमला मराठी येत नव्हती, पण तेवढं समजलं. ती उठून आत गेली. लीलाबाई कोंडाजीजवळ आली आणि दात आवळून म्हणाली, "गाईला वासरू लावाया गेलात आन् सोताच चाटून बसलात."

बुधवारी तो उजाडायच्या आत खाचरावर निघून गेला. आपण दिसलो नाही की पोर विसरेल. दुपारी माघारी आला तर चिंगी फाटकात बसलेली, डोळे सुजलेले, सकाळपासून घास घेतला नव्हता. मग त्याने शेवटचा उपाय केला. स्टेशनाजवळच्या सोपान न्हाव्याकडे गेला आणि त्याने मिशी उतरवली. पंचवीस वर्षांची मिशी. सोपानने तीनदा विचारलं.

चिंगीने त्याच्या गुळगुळीत ओठावर हात फिरवला आणि पहिल्यापेक्षा जास्त खात्रीने म्हणाली, "आई."

गुरुवारी साडेदहाच्या गाडीने संस्थेच्या बाई आल्या. ओसरीवर खुर्चीत बसल्या, मांडीवर फाइल घेतली. समोर साहेब, शेजारी मडम. मडमने सकाळीच लीलाबाईकडून ते लुगडं पुन्हा नेसवून घेतलं होतं. कोंडाजी मुद्दामच गोठ्यात होता. घमेल्यात कपिलासाठी कोंडा भरून ठेवत होता आणि बाहेरचं सगळं ऐकत होता.

"चिंगी, तुझी आई कुठंय?" बाईंनी विचारलं.

चिंगी धावली. मडमच्या अंगावरून, पायऱ्यांवरून, अंगणातून थेट गोठ्यात, आणि कोंडाजीच्या गुडघ्याला चिकटली. कोंडाजीने तिला उचललं. ठेवायची कुठे? मागोमाग बाई आल्या. त्यांनी कोंडाजीला बघितलं, फाइल उघडली आणि पेनचं टोपण काढलं.

"बाई, लिवू नका," कोंडाजी म्हणाला. त्याचा आवाज फाटला. "चूक माजी हाय. त्या बिचारीची काय बी चूक न्हाई. म्याच लेकराला लुगड्याचा वास लावून..."

त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत मडम पळत आली. नऊवारीत पळायचं असतं कसं हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. गोठ्याच्या उंबऱ्यावर पदर पायात आला आणि ती सरळ घमेल्यात तोंडघशी पडली. कोंड्याचा लोट उठला. तो खाली बसला तेव्हा मडम केसांपासून भुवयांपर्यंत कोंड्याने माखून बसली होती. कपिलाने दावं ताणलं, मान लांब केली आणि कोपरापासून खांद्यापर्यंत मडमला एकदा नीट चाटून घेतलं.

मग चिंगी हसली. आधी खुदकन, मग पोटातून. तिला हसताना संस्थेच्या बाईंनीही कधी बघितलं नव्हतं.

कोंडाजीला तिचे दोन्ही पाय आपल्या पोटावर रेटताना जाणवले. तिला खाली उतरायचं होतं. त्याने एक क्षण धरून ठेवलं आणि मग सोडलं.

चिंगी मडमपाशी गेली. तळव्याने तिच्या गालावरचा कोंडा पुसला. मडम हलली नाही. पोरीने घमेल्यातला चिमूटभर कोंडा घेतला आणि मडमच्या ओठांशी धरला. मडमने तोंड उघडलं, कोंडा चावला आणि गिळला. पुन्हा तोंड उघडलं. चिंगीने तिला एकामागून एक पाच घास भरवले आणि ते सगळे मडमने खाल्ले. मग पोर दमली. कोंड्याने भरलेल्या पदरात, मडमच्या मांडीवर, अंगठा तोंडात घालून आडवी झाली.

मडम मोठ्याने रडली. साहेब रडला. संस्थेच्या बाईंनी फाइलमध्ये एकच शब्द लिहिला, "रमली", आणि गोठ्याबाहेर जाऊन चष्मा पुसला.

"चिंगे," कोंडाजीने सहज म्हणून हाक मारली.

तिने बघितलं आणि तोंड परत पदरात खुपसलं. कोंडाजीला बरं वाटलं आणि वाईटही वाटलं. दोन्ही एकदम वाटल्यामुळे तो रिकामं घमेलं उचलून कारण नसताना धुवायला गेला.

आठवड्याने लोणावळ्याची टॅक्सी आली आणि ते गेले. चिंगीने लुगडं सोडलं नाही, त्यामुळे तेही गेलं. मडमने त्याच्या बदल्यात आपल्या दोन विजारी ठेवल्या. लीलाबाईने त्यांच्या बाजाराच्या पिशव्या शिवल्या. त्या पुढे कितीतरी वर्षं टिकल्या.

पुढच्या थंडीत पाकीट आलं. फोटोत सगळीकडे बर्फ, लाल टोपी घातलेली चिंगी, आणि तिच्या मुठीत हिरव्या लुगड्याचं टोक. पत्र स्टेशनमास्तरांनी वाचून दाखवलं. साहेबाने लिहिलं होतं की चिंगी लुगड्यावाचून झोपत नाही, म्हणून ते अजून धुतलेलं नाही. मराठी ती विसरली, फक्त मडमला आई म्हणते. आणि सकाळी तिघंही दुधात कोंडा घालून खातात. त्यांच्याकडे तो दुकानात खोक्यात मिळतो.

"माणसं कोंडा खात्यात?" लीलाबाई म्हणाली.

कोंडाजीने फोटो नेऊन गोठ्यात कपिलासमोर खुंटीजवळ लावला. आता बंगला विकला गेला, गोठ्याच्या जागी मोटारींची शेड आली. पण तिथे गोठा होता तोवर फोटो होता.

मिशी परत आली. बढाई मात्र आली नाही. दोन वर्षांनी निवृत्तीची गाय वासराला जवळ घेईना, तेव्हा तो कोंडाजीला घेऊन गेला. कोंडाजीने मीठ आणि कोंडा त्याच्या हातात दिला, चोळायचं कसं ते सांगितलं, आणि स्वतः गोठ्याबाहेर जाऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

"आबा, तुमी आत या की," निवृत्ती म्हणाला.

"न्हाई बाबा," कोंडाजी म्हणाला. "म्या जवळ थांबलो की लळा मलाच लागतोय."