इनोकेचे भाजलेले हात

साहेब, आरोप तुमच्यावर आहे. सुवा शहरातल्या काचेच्या इमारतीत, थंडगार हवेत बसून तुम्ही गोरगरिबांना श्रीमंत व्हायला शिकवता आणि त्या धड्यात आत्याचं नावसुद्धा येत नाही. चुलता नाही, मामा नाही, आतेभाऊ तर नाहीच. कमाई वाढवा, दर पगाराला न चुकता गुंतवा, मध्येच मोडू नका; संपला धडा. जसा काही माणूस नारळासारखा झाडावरून एकटाच टपकला!

इनोकेने तुमचा शब्दन् शब्द खरा मानला. गोदीत बोटींना वेल्डिंग करणारा माणूस तो, ठिणगीवर विश्वास ठेवणारा. तुमच्या सभेतून घरी आला तोच छाती काढून. बायकोला, लितियाला म्हणाला, "वर्षभर थांब. मग कुणाच्या बापाचं भाडं भरायचं नाही."

त्याने केलंही तसंच. शनिवारी लोकांची फाटकं जोडून द्यायला लागला. लितिया पहाटे गोड पाव भाजून बसथांब्यावर विकायला लागली. गुरुवारी पगार झाला की इनोके तडक तुमच्या खिडकीवर, हप्ता भरायला. शहराबाहेर नसिनूत दोन खोल्यांचं एक लाकडी घर त्यांनी हेरलं होतं. पाव विकायला रस्त्याकडे खिडकी, लहानग्या सेराला धावायला अंगण. घरमालकीण म्हातारी ख्रिसमसपर्यंत थांबायला तयार होती. वर्षभर एकही हप्ता चुकला नाही तर तुम्ही बोनस देणार होतात, आणि तो धरला की घराची पहिली रक्कम पुरी होत होती. एक हप्ता चुकला की बोनस बुडाला. घरही बुडालं.

राहता राहिले नातेवाईक. आमच्यात नात्यातल्या माणसाने मागितलं की नाही म्हणत नाहीत. शेपूटवाला माणूस आणि नाही म्हणणारा माणूस, दोन्ही आम्ही अजून पाहिलेले नाहीत. इनोकेने त्यावर तोड काढली. नाही म्हणायचंच नाही, फक्त खिसा कायम रिकामा ठेवायचा. कुणी मागायला आलं की तो दोन्ही खिसे उलटे करून दाखवायचा. ते लोंबते खिसे बघून एका चुलत्याने उलट त्यालाच बसचं भाडं दिलं होतं.

सगळं सुरळीत चाललं होतं. मग तुम्ही त्याचा फोटो काढलात.

बसस्टँडसमोर फलक लावलात, दुमजली घराएवढा! इनोके दात काढून हसतोय, मागे तुमची इमारत, खाली मोठ्या अक्षरांत, 'इनोकेने करून दाखवलं'. आता काय करून दाखवलं हे तुम्ही लिहिलं नाहीत. कोरो बेटावर त्याच्या गावात लोकांनी आपल्या परीने अर्थ लावला. आपल्या इनोकेने इमारत बांधली.

आठवडाभरात निरोप आला. केलेसी आत्या निघाली आहे. सोबत तिचा मुलगा पेनी, तारोचे कंद, चटया, आणि देवमाशाचा दात.

इनोकेने हिशेब मांडला. तारो खाता येतो, चटईवर झोपता येतं. दाताचं काय करणार? समोरच्याने दोरी लावलेला दात पुढे करून मागणं मांडलं आणि आपण तो दोन्ही उघड्या हातांनी घेतला, की मागणं मान्य झालं. मग ते चर्चचं छप्पर असो की बोटीचं इंजिन.

"आणि नाही घेतला तर?" लितियाने विचारलं.

"आत्याचा दात? जिने मला वाढवलं तिचा?"

तो दुसऱ्या दिवशी कामावरून आला तो दोन्ही हातांना मनगटापर्यंत बँडेज बांधून. एवढं जाड, की माणूस बॉक्सिंगला निघालाय असं वाटावं. भाजलं म्हणाला. लितियाने घाबरून गाठ सोडायला घेतली, तेव्हा कानात खरं सांगितलं. तिने गाठ पुन्हा आवळली. जरा जास्तच आवळली.

आत्या दारात आली आणि ते हात बघून तिथेच रडायला लागली. पेनी मात्र आतेभाऊ. आमच्यात मामेभावाची टर उडवणं हा आतेभावाचा जन्मसिद्ध हक्क. तो म्हणाला, "रस्त्यावर तुझं नाक होडीएवढं झालंय आणि घरात बसायला एक खुर्ची नाही? इमारत कुठे लपवलीस?"

दाताचा विषय आत्याने काढलाच नाही. तिने इनोकेला मांडीशी बसवलं आणि मासा काटे काढून, नारळाच्या दुधात बुडवून त्याला भरवायला लागली. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. तोंड पुसायची, बँडेजवरूनच हातांवर फुंकर घालायची. सेरा लहान, तीही हट्टाला पेटली; आधी बाबा, मग सेरा, असं करत आत्या दोघांना आळीपाळीने घास देऊ लागली. इनोकेला घास गोड लागत होता आणि गिळवत नव्हता.

पण बँडेज बांधून वेल्डिंग होत नाही. बँडेज सोडलं तर दात समोर येणार. काम बंद, पगार बंद, आणि गुरुवार तोंडावर आला. लितियाचे सगळे पाव विकूनही हप्ता पुरा होईना. ती चुलीपाशी पाठमोरी बसून राहिली. आत्याने तिला खोदून खोदून विचारलं आणि हप्ता, बोनस, घर, सगळं काढून घेतलं. बँडेजचं तेवढं लितिया बोलली नाही.

गुरुवारी आत्याने नवा झगा घातला, पेनीला चटई उचलायला लावली आणि सगळ्यांना घेऊन तुमच्या इमारतीत शिरली. आठवतंय ना, साहेब? तुमच्या त्या गुळगुळीत फरशीवर चटई अंथरली गेली. आत्या बसली, आणि तिने दात काढला. तिच्या आजोबांचा, पिकलेल्या केळ्यासारखा पिवळा. इनोकेला वाटलं, आपलं काळीज कुणीतरी दोरीला टांगलंय.

तिने मागणं मांडलं. पोराचे हात भाजलेत. एक हप्ता माफ करा, बोनस मोडू नका. आणि जमलं तर व्याजही थोडं वाढवा.

व्याज बाजार ठरवतो, तुम्ही म्हणालात.

"हा बाजार कुठल्या गावचा?" आत्याने शांतपणे विचारलं. "त्यांचा मुखिया कोण? आम्ही त्यांनाही भेटू. बोट उद्या आहे."

रांगेतलं कुणी हसलं नाही. दात समोर असताना हसत नाहीत. तुम्हीही याच मातीतले. तुमचे हात आपोआप पुढे आले. तुम्ही दात घेतलात. दोन्ही हातांनी. टाळ्या वाजल्या.

इनोकेला पुढचं सोसवेना. त्याने आपल्या दातांनी गाठ ओढली, सगळं बँडेज उलगडून फरशीवर टाकलं आणि धडधाकट हात आत्यासमोर धरले.

आत्याने हात उलटेपालटे करून पाहिले. मग तुमच्याकडे वळून म्हणाली, "बघा, बरेही झाले. आता याचा हप्ता कधी चुकायचा नाही."

बाहेर पायरीवर बसल्यावर तिने सांगितलं, भाजलेल्या हाताला वास असतो, तिला पहिल्याच दिवशी कळलं होतं. "तुला दात नको होता. म्हणून मी तो घरी काढलाच नाही." मग कशासाठी आणला होता, त्याने विचारलं. पैशासाठी नव्हता. बोटीचं भाडं वाचवायला इनोके कितीतरी ख्रिसमसला गावी आला नव्हता. या वर्षी लितियाला आणि सेराला घेऊन ये, एवढंच तिला मागायचं होतं.

"आता मागायला दात उरला नाही," ती म्हणाली. "तसाच येशील का?"

तो येणार आहे. त्याचं उत्तर तिथेच, पायरीवर, तिच्या मांडीत डोकं घालून देऊन झालं.

तुमचं राहिलं आहे. बोनसबद्दल तुम्ही कळवतो म्हणालात. घरमालकीण रोज विचारते. दात तुमच्या काचेच्या कपाटात दिव्याखाली ठेवलाय, जाता येता सगळ्या शहराला दिसतो. दोन्ही हातांनी घेतला होतात, साहेब. बोला. हो की नाही?