अंधारात जेवणारं झाड

प्रकाशसंश्लेषण शिकवावं तर मीच, असं माझं स्वतःविषयी अगदी प्रामाणिक मत होतं. होतं! हल्ली मी त्या विषयावर फारसं बोलत नाही.

त्या वर्षी माझी नोकरी कायम व्हायची होती. तीन वर्षं कच्चा शिक्षक म्हणून काढली होती, पक्का व्हायला एक तपासणी तेवढी बाकी होती. तपासनीस साहेब येणार, नववीवरचा माझा एक तास बघणार आणि कागदावर शेरा लिहिणार. त्या शेऱ्यावर माझं सगळं अडलेलं. मुख्याध्यापिकाबाईंनी बजावलं होतं, की फळ्यावर पानाची आकृती काढा, बाण दाखवा आणि मोकळे व्हा. पण सरळ वाटेनं जाईन तर मी कसला! म्हटलं, प्रयोगच करून दाखवतो.

प्रयोग तसा सोपा. कुंडीतलं झाड दोन दिवस अंधाऱ्या कपाटात ठेवायचं, म्हणजे पानांतला अन्नाचा साठा संपतो. मग पानावर काळ्या कागदाचा तारा लावून झाड चार तास उन्हात ठेवायचं. ऊन लागलेला भाग अन्न, म्हणजे स्टार्च तयार करतो आणि ताऱ्याखालचा भाग उपाशी राहतो. पुढे पान उकळून, स्पिरिटमध्ये त्याचा हिरवा रंग काढून वर आयोडीन टाकलं, की स्टार्चचा भाग निळा-काळा होतो आणि मधोमध फिकट तारा उमटतो. साहेब बघतच राहतील, याबद्दल मला शंका नव्हती. ते बघतच राहिले, हेही खरं.

तारे मी झाड कपाटात ठेवण्याआधीच, घरी लावले, दोन पानांवर दोन. एक साहेबांसाठी आणि एक राखीव, कारण मी सावध माणूस आहे. क्लिप लावून बघितली तर पान फाटलं. डिंकाची बाटली उघडली तर आतला डिंक दगड झालेला. माझी धडपड बघून आई म्हणाली, थांब, मी करून देते काहीतरी. आणि पाच मिनिटांत चिकटवायला वाटीभर घट्ट खळ करून आणली. तारे असे बसले, की वादळातही हलू नयेत!

बायको दारातून बघत होती. म्हणाली, "अहो, हे सगळं पुस्तकात असंच दिलंय का?"

"आपल्या दोघांत विज्ञान कोण शिकलंय?" मी विचारलं.

"तेच बघतेय मी," ती म्हणाली आणि आत गेली.

झाड दोन दिवस शाळेच्या कपाटात कुलूपबंद राहिलं. तपासणीच्या दिवशी सकाळी सातला मी ते प्रयोगशाळेतल्या शिपाईमामांच्या हवाली केलं, अकरापर्यंत मैदानात ठेवा म्हणून सांगितलं आणि शिक्षकखोलीत बसून भाषणाची उजळणी केली. भाषण उत्तम झालं होतं.

अकरा वाजता साहेब मागच्या बाकावर बसले. शेजारी मुख्याध्यापिकाबाई. मी पानावरचा तारा ओलसर करून सोलला, पान उकळलं, स्पिरिटची नळी गरम पाण्यात धरून पान पांढरं केलं आणि बशीत पसरलं. "आता बघा," मी म्हणालो, "मधला तारा फिका राहील, बाकी सगळं निळं-काळं होईल." आणि आयोडीन टाकलं.

मधला तारा निळा-काळा झाला. बाकी सगळं फिकट पिवळं राहिलं!

मी बशी फिरवून बघितली. बशी फिरवल्यानं काय होणार होतं, देव जाणे. उभ्या आयुष्यात इतका ठळक, इतका रेखीव आणि इतका उलटा तारा मी बघितला नव्हता. मग राखीव पान घेतलं. तारा सोलला, पान उकळलं, पांढरं केलं, आयोडीन टाकलं. दुसरा ताराही निळा-काळा! माझा सावधपणा मलाच भोवला, कारण एकदा झालं तर चूक म्हणता येतं, दोनदा झालं की तो पुरावा होतो.

मुलांनी वह्या उघडल्या आणि निरीक्षण लिहायला घेतलं. मी घाईघाईनं म्हणालो, पुस्तकात आहे तेच उतरवा. तिसऱ्या बाकावर एक मुलगी बसते, तिला शाळाभर 'शंकाबाई' म्हणतात. ती उठली.

"सर, डोळ्यांना दिसेल तेच लिहायचं, असं तुम्हीच सांगितलंय. मग झाड अंधारात जेवतं, असं लिहू का?"

साहेबांनी चष्मा पुसला. मला दरदरून घाम फुटला आणि घाम फुटलेला माणूस दुसऱ्यावर ढकलतो, तसं मी दारात उभ्या मामांना विचारलं, की झाड उन्हातच होतं ना?

मामा खाली बघत म्हणाले, "सर, बिचारं दोन दिवस कोंडलेलं. एकदम कडक ऊन सोसायचं नाही. म्हणून मी त्याच्यावर ओलं गोणपाट टाकलं होतं. दोन पदरी."

म्हणजे पानाला ऊन लागलंच नव्हतं! बाकीचं पान फिकं का, ते कळलं. पण मग तारा काळा कसा? गोणपाटाखाली अंधार, त्याच्या आत काळा कागद, आणि नेमकं तिथेच पोटभर जेवण! आपण तीन वर्षं मुलांना चुकीचं शिकवलं की काय, अशी खरीखुरी भीती वाटली. मुख्याध्यापिकाबाई फळ्याकडे बघत होत्या, तिथे नसलेल्या आकृतीकडे.

तेवढ्यात शंकाबाई टेबलापाशी आली. मी सोलून टाकलेला कागदाचा तारा तिनं उचलला, उलटा केला आणि कागदाच्या मागच्या, पांढऱ्या बाजूला आयोडीनचा थेंब टाकला. थेंब निळा-काळा झाला.

"सर," ती म्हणाली, "कागदसुद्धा अन्न तयार करतो का?"

वर्ग हसला नाही, याचंच मला जास्त वाईट वाटलं. सगळे खरोखर विचार करत होते. साहेब पहिल्यांदाच उठून पुढे आले, कागद हातात घेतला आणि शांतपणे विचारलं, "हा चिकटवलात कशानं?"

"खळीनं."

"कशाची?"

"मैद्याची. आईनं करून दिली," मी म्हणालो, आणि वाक्य संपायच्या आतच मला उमगलं. मैदा म्हणजे नुसता स्टार्च! झाडानं काही खाल्लं नव्हतं. त्याला आमच्या आईनं भरवलं होतं.

शेरा दुपारी आला. मुख्याध्यापिकाबाईंनी तो मला स्वतः वाचायला दिला, मोठ्यानं वाचायचं त्यांच्या जिवावर आलं असावं. लिहिलं होतं: 'या वर्गात वैज्ञानिक दृष्टी उत्तम आहे. ती तिसऱ्या बाकावर बसते. शिक्षकांना आणखी एक वर्ष पाहावे.'

घरी गेलो तेव्हा आई दारातच वाट बघत होती. नोकरीचं काय झालं, हे विचारायचा तिला धीर झाला नसावा. तिनं एवढंच विचारलं, "तारे नीट चिकटले होते ना रे?"

"एकदम नीट," मी म्हणालो.

"बघ," ती खुशीत म्हणाली, "पुढच्या वर्षीही मीच करून देईन."