कदम सरांचा संदर्भ

कुणाच्याही घरी गेले की कदम सर पाण्याचा तांब्या हातात घेऊन आधी विचारत, "हे कुणाच्या विहिरीचं?" उत्तर मिळेपर्यंत घोट घेत नसत. एकदा मुलगी बघायला गेले, तिथंही हाच प्रश्न. सर अविवाहितच राहिले.

हदगावकडचा हा माणूस अहमदपूरच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवी, मी मराठी. लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. हापिसांना नव्या पाट्या लागल्या. विहिरी मात्र होत्या तशाच कोरड्या. दुष्काळात काही गावं तग कशी धरतात, यावर सर प्रबंध लिहीत होते. त्यासाठी देवणीकडचं एक गाव धरलं होतं. तिथं विहिरीला पाळ्या होत्या, अडल्याला कडबा मिळे, ज्वारीत तूर मिसळून पेरत. चहा आला की सर सुरू होत, "गाव एकट्यानं जगत न्हाई. लिहून ठिवा!" आम्ही बशीतला चहा घाईनं संपवून पळत असू.

दुसऱ्या वर्षीही पाऊस गेला. सर मला घेऊन त्या गावी गेले. निम्म्या घरांना कुलपं. विहिरीत नुसता चिखल. ज्याच्या ओसरीवर बसून सरांनी निम्मा प्रबंध लिहिला, तो म्हातारा मल्लप्पा बोचकं बांधत होता. सरांनी प्रश्नावली काढली.

"मल्लप्पा, पाळ्या का मोडल्या?"

"सर, वाटून घ्यायला कायतरी उरावं लागतंय की."

सरांनी पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं.

मल्लप्पा कामाला लातूरला निघाला होता. दारात एक म्हातारा देवणी बैल उरला होता. कसायाला देववत नव्हता, सोबत नेता येत नव्हता.

"तू ये परत. तवर मी सांभाळतो," सर म्हणाले.

"सर, तुम्ही दोन खोल्यांत राहता!" मी म्हणालो.

सर टेम्पोत बैलाशेजारी उभे राहून आले. घरमालक गल्लीभर ओरडला. प्राचार्यांनी बोलावून जाब विचारला, तर म्हणाले, "संशोधनाचा संदर्भ हाय, सर." सगळं अहमदपूर हसलं. मार्गदर्शकांनी प्रबंधाचा तेवढा शेवट बदलून द्यायला सांगितलं. सर म्हणाले, "गावच न्हाई, शेवट कुणाचा लिहू?" कागद तसेच गाठोड्यात राहिले. मल्लप्पाला धाडलेली दोन पोस्टकार्डं पत्ता न सापडता परत आली.

एका सकाळी सर तासाला आले नाहीत, म्हणून मी घरी गेलो. बैल अंगणात आडवा पडला होता. पुढ्यातला कडबा तसाच. सर मातीत बसून त्याच्या कानाशी कानडी बोलत होते. मल्लप्पाच्या घरी कानडीच चाले. सरांना मात्र त्यातला एवढाच शब्द येत असावा.

"बरतान, बरतान."

येतोय तो, येतोय.

मला दारात उभं राहिलेलं त्यांनी पाहिलं, पण ते थांबले नाहीत.