मास्तर आणि सुईचं नेढं

बायको चालायचे बूट आणायला बाजारात गेली आणि मास्तरांनी पुढच्या दुकानाचं दार लोटून मागच्या खोलीतली दोन लोखंडी कपाटं सरकवायला घेतली. शिंप्याने भर कामाच्या वेळी मशीन बंद ठेवून कपाटांशी झोंबावं, ही काही साधी गोष्ट नव्हे. पण प्रश्न पोटाचा होता, म्हणजे मास्तरांच्या पोटाच्या घेराचा.

आठवड्याच्या शेवटी वाळवंटात जायचं ठरलं होतं. तिथल्या लाल दगडांच्या खोल दऱ्यांचं चित्र बायकोने लग्नाआधी एका कॅलेंडरवर पाहून कापून ठेवलं होतं. "पुढच्या वर्षी नक्की" म्हणता म्हणता मास्तरांनी त्या चित्राचा रंग उडवला होता. यंदा तिचा धाकटा भाऊ मध्ये पडला. या मेहुण्याचं तंबू, दोर आणि सॅक विकायचं दुकान होतं, आणि गिऱ्हाइकांच्या सहलीही तोच न्यायचा. बोलणं असं, की दऱ्या जणू यानेच खणल्या.

त्याने जेवणाच्या टेबलावर डबे मांडून डोंगर केले आणि दोन डब्यांच्या फटीत चमचा घातला. "हे सुईचं नेढं. रुंदी फक्त एक फूट! आडवं होऊन सरकायचं. पलीकडे गेलं की ताईच्या चित्रातलं सगळं समोर. दुसरी वाट नाही."

"आणि जो मावणार नाही तो?" मास्तरांनी सहज विचारल्यासारखं केलं.

मेहुण्याने त्यांच्या पोटाकडे प्रेमाने पाहिलं. "भावजी, तुम्ही कशाला काळजी करता? ड्रायव्हरला सोबत लागतेच की. पत्ते फार छान खेळतो तो."

बायको हसली नाही. "मग मी एकटी बघून काय करू?" एवढंच म्हणाली आणि डबे उचलायला लागली. मास्तरांना ते फार लागलं. इतकी वर्षं वाट पाहायला लावून ऐन वेळी आपण गाडीपाशी पत्ते पिसत बसायचं, या विचाराने त्यांना जेवण गोड लागेना. पण जेवण सोडलंही नाही.

त्यांनी गुपचूप माप घ्यायचं ठरवलं. भिंतीला पाठ टेकवून, पोटापुढे पट्टी धरून, आरशात बघून माप घेतलं. आता, गिऱ्हाइकाला टेप लावताना मास्तरांचं एक वाक्य ठरलेलं होतं. "श्वास सोडा साहेब, पोट आत ओढू नका. उद्या हाच कोट घालून जेवायचंय." स्वतःची वेळ आल्यावर मात्र त्यांनी श्वास असा ओढला की पोट पाठीला भेटून आलं. माप फुटाच्या आत भरलं. मास्तर खूश झाले.

तरी खात्री हवी म्हणून कपाटं. दोन्हींच्या पाठी समोरासमोर आणून त्यांनी मध्ये मोजून एक फूट फट ठेवली. कपाट हललं तर डोंगर कसला, म्हणून खालून लाकडी पाचरी ठोकल्या आणि बाहेर काढलेले कापडाचे तागे पुन्हा आत भरून टाकले. मग श्वास ओढला आणि आडवे होऊन शिरले.

अर्धी वाट झकास गेली. मग श्वास संपला. माणसाने किती वेळ धरायचा? त्यांनी तो सोडला, पोट आपल्या मूळ जागी परत आलं, आणि मास्तर ना पुढे ना मागे.

तेवढ्यात पुढून हाक आली. "मास्तर, कोट झाला का?" दातांचे डॉक्टर आले होते.

"हँगरला आहे! घालून बघा!"

"तुम्ही कुठे आहात?"

"आहे इथेच! खांद्यात ओढतोय का?"

कोट घालून डॉक्टर आवाजाच्या मागावर आत आले. त्यांनी सवयीने खिशातली छोटी बॅटरी काढून फटीत मारली. "अरे बापरे. दुखतंय का?"

"नाही."

"हलतंय का?"

"तेही नाही."

"मग काढावं लागेल," डॉक्टर गंभीरपणे म्हणाले. त्यांनी कपाटाला खांदा लावला. कपाट जागचं हललं नाही, नव्या कोटाची शिवण मात्र उसवली. आपल्या हातची शिवण उसवल्याचा आवाज ऐकून मास्तरांना पहिल्यांदाच दुखलं. "थांबा, मी कुणाला तरी आणतो," म्हणत डॉक्टर धावले.

नशीब असं, की डॉक्टरांनी आणला तो नेमका मेहुणा. दोराचं वेटोळं खांद्यावर टाकून तो आला आणि बघतच राहिला. "भावजी! मला म्हणायचं तरी! घाबरू नका. मी त्या टोकाने शिरतो आणि तुम्हाला रेटतो."

तो शिरला. दोन पावलं आला, दोर कपाटाच्या कडेला अडकला, आणि त्याचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला.

"भावजी, मला बाहेर काढा!"

"मी? मी तुला काढू?"

"मला अशा जागी गुदमरायला होतं. लहानपणापासून. मी त्या नेढ्यात कधी गेलोच नाही! सगळ्यांना पाठवतो आणि मी ड्रायव्हरपाशी थांबतो."

मास्तरांना आपली दशा विसरून हसू फुटलं, आणि हसण्याने ते आणखी घट्ट बसले.

तशात बायको बुटांचं खोकं घेऊन दारात उभी राहिली. एका टोकाला नवरा, दुसऱ्या टोकाला भाऊ, आणि बाहेर फाटक्या कोटातले डॉक्टर.

"अहो, हे काय चाललंय?"

खोटं बोलायला मास्तरांना जागाच नव्हती. "मावतो का बघत होतो. तुला एकटीला जायला लागू नये म्हणून."

तिने बुटांचं खोकं खाली ठेवलं. मग तिने पदर खोचला, कपाटाचं दार उघडलं, तागे खाली काढले, पाचर उपटली आणि रिकाम्या कपाटाला एक धक्का दिला. दोघे पुरुष धपकन बाहेर पडले.

"जायचं तर सगळ्यांनी," ती भावाला म्हणाली. "नाहीतर मीही पत्ते खेळेन."

आठवड्याच्या शेवटी गाडी त्या लाल डोंगरांपाशी थांबली. मास्तरांनी दोन दिवस अर्धपोटी काढले होते. नेढ्याच्या तोंडाशी त्यांनी डोळे मिटले, छातीभर श्वास ओढला, आडवे झाले आणि तसेच खेकड्यासारखे सरकत आत शिरले. मागोमाग ताईचा हात घट्ट धरून मेहुणाही आडवाच निघाला.

इतक्यात ड्रायव्हर त्यांच्या शेजारून सरळ चालत पुढे निघाला. एका काखेत स्टोव्ह, दुसऱ्या काखेत पाण्याचा कॅन, डोक्यावर सतरंजीची वळकटी. पत्त्यांचा डाव आटोपला की पलीकडे चहा मांडायला तो नेहमीच इथून जायचा.

"साहेब," मेहुण्याला पाहून तो चकित झाला, "आज पत्ते नाहीत?"

मास्तरांनी डोळे उघडले. दोन्ही बाजूंना हात पसरले तरी दगड लागत नव्हता. त्यांनी मेहुण्याकडे पाहिलं.

"एक फूट?"

"मी... ऐकलं होतं," मेहुणा पुटपुटला.

समोर उन्हात चित्रातला लाल डोंगर उभा होता. रंग अजिबात उडालेला नव्हता. बायकोने भावाचा हात सोडला, मास्तरांच्या शेजारी येऊन उभी राहिली आणि त्यांच्या पोटावर हलकेच चापट मारली.

"अहो, श्वास सोडा आता."